अंदाज जिल्ह्याचा, बाग शिवारातली

हवामानाचा अंदाज कोरडवाहू शेतकऱ्याला लागतो तसाच बागायतदारालाही लागतो; फक्त बागायतदाराचे प्रश्न जास्त बारीक असतात. फवारणी आज दुपारी उरकावी की उद्यावर टाकावी, ठिबक किती वेळ चालवावे, छाटणी आठवडाभर पुढे ढकलावी का, पहाटे पारा कुठवर उतरेल? द्राक्ष, डाळिंब, आंबा, भाजीपाला, रोपवाटिका, इतकेच काय गच्चीवरच्या कुंड्या, सगळीकडे हेच प्रश्न असतात. त्यांतले काही तासांचे, काही दिवसांचे, तर काही आठवड्यांचे असतात आणि त्यांची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात. अंदाजातला आकडा किती क्षेत्रासाठी आणि किती काळासाठी दिला आहे हे समजले, की बराचसा गोंधळ मिटतो.

मंगळवार आणि शुक्रवार

भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली. १९२८ मध्ये त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात. १९३२ मध्ये तिथे कृषी हवामानशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा डॉ. एल. ए. रामदास यांच्याकडे आली. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले, कृषी हवामान विभाग मात्र पुण्यातच राहिला. १९४५ पासून रेडिओवरून शेतकऱ्यांसाठी हवामानाची वार्तापत्रे जाऊ लागली.

आजच्या घडीला बागायतदाराच्या सर्वाधिक उपयोगाचे म्हणजे आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, निघणारे कृषी हवामान सल्ला पत्रक. अंदाज हवामान विभागाचा असतो. त्यावरचा सल्ला कृषी विद्यापीठांशी जोडलेली केंद्रे तयार करतात. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही विद्यापीठांच्या कार्यक्षेत्रांत अशी केंद्रे आहेत. घाटमाथ्यासाठी इगतपुरीचे, दक्षिण कोकणासाठी मुळद्याचे केंद्र काम करते. पत्रकात पुढच्या पाच दिवसांचे आठ आकडे असतात : पाऊस, कमाल आणि किमान तापमान, सकाळची आणि दुपारची आर्द्रता, वाऱ्याचा वेग, त्याची दिशा आणि ढगांचे प्रमाण. ढगांचा आकडा शून्य ते आठ असा असतो, कारण आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांतले किती झाकले जातील हे त्यात सांगितलेले असते. 'ढग ७' म्हणजे जवळपास सगळे आभाळ भरलेले.

हीच माहिती २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'मेघदूत' अॅपवर मराठीतून मिळते. 'अॅग्रोवन'सारख्या शेतीच्या दैनिकातून, आकाशवाणीच्या 'माझं घर माझं शिवार'मधून आणि गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरूनही ती फिरते. २०२४ पासून ग्रामपंचायतीच्या पातळीवरचा अंदाजही उपलब्ध झाला आहे. ग्रुपवर आलेल्या संदेशाबाबत दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात : तो कोणी काढला आणि कोणत्या तारखेला काढला. चार दिवसांपूर्वीचा अंदाज आजचा म्हणून पुढे पाठवला गेला, तर मूळ अंदाज बरोबर असूनही शेतकरी फसतो.

शब्दांमागचे आकडे

हवामान विभागाच्या भाषेत नेहमीच्या शब्दांना ठरलेली मापे आहेत. 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणजे त्या भागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी जास्तीत जास्त एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे तीन चतुर्थांशापर्यंत आणि त्यापुढे 'बहुतांश ठिकाणी'. त्यामुळे 'मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पाऊस' असा अंदाज असताना दिंडोरीत थेंबही पडला नाही आणि तासगावात झोडपून काढले, तर अंदाज चुकला असे म्हणता येत नाही.

पावसाच्या जोराचेही तसेच. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे 'जोरदार', त्यापुढे २०४.४ मिलिमीटरपर्यंत 'अति जोरदार'. हे चोवीस तास सकाळी साडेआठला संपतात. म्हणजे दोन तारखेच्या नोंदीतला पाऊस बहुतेक एक तारखेला पडलेला असतो. पिवळा, नारिंगी आणि लाल हे इशारे पावसाच्या आकड्यासोबत संभाव्य परिणाम पाहूनही दिले जातात. काढणीला आलेल्या बागेला तर १० मिलिमीटर पाऊसही भारी पडतो आणि त्याला कोणताही रंग लागत नाही.

मोबाइलवरचे चित्र

फोनमधल्या बहुतेक हवामान अॅपमागे मोजकीच संगणकीय प्रारूपे असतात. अमेरिकेचे जागतिक प्रारूप आणि युरोपीय केंद्राचे प्रारूप ही त्यांतली प्रमुख. वातावरणाचे चौकोनी तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यासाठी दाब, तापमान, आर्द्रता आणि वारा यांची समीकरणे सोडवली जातात. अॅप उघडणाऱ्याला आपल्या जागेजवळच्या चौकोनाचे उत्तर दिसते. ते दिसण्यापूर्वी कोणा हवामानतज्ज्ञाने पाहिलेले असेलच असे नाही. प्रारूपे वेगळी असल्याने दोन अॅप एकाच गावासाठी दोन वेगळे आकडे दाखवतात.

चौकोन किती मोठा, यावर बरेच अवलंबून असते. १२ किलोमीटर बाजूच्या चौकोनात सुमारे साडेपस्तीस हजार एकर जमीन येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली आणि मे २०२५ मध्ये वापरात आलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' हा चौकोन ६ किलोमीटरवर आणते. तरी त्यात नऊ हजार एकरांच्या आसपास क्षेत्र राहतेच. वळवाचा एक ढग याहून लहान असतो आणि तास-दीड तासात उठून, बरसून मोकळा होतो. तो नेमका कोणत्या गटावर बरसेल हे चार दिवस आधी कोणतेच प्रारूप सांगू शकत नाही. त्याउलट कमी दाबाचा पट्टा किंवा थंडीची लाट शेकडो किलोमीटर पसरलेली असते. तिचा अंदाज चार-पाच दिवस आधीही भरवशाचा असतो.

अॅपवरचे 'पावसाची शक्यता ४० टक्के' याचा अर्थ ४० टक्के गावात किंवा ४० टक्के वेळ पाऊस, असा नाही. अशी स्थिती दहा वेळा आली तर साधारण चार वेळा त्या जागी पाऊस होतो, इतकेच त्यातून समजायचे. हा आकडा काढण्यासाठी सुरुवातीच्या नोंदींत किंचित फरक करून तेच प्रारूप अनेकदा चालवतात. सगळी उत्तरे जवळजवळ आली तर भरवसा जास्त. पांगली तर कमी.

पुढचे तीन तास

तासांच्या प्रश्नाला प्रारूपापेक्षा रडार उपयोगी. मुंबई, नागपूर, गोवा अशा ठिकाणची डॉप्लर रडार पावसाच्या थेंबांवरून परतणाऱ्या लहरी टिपतात आणि ढग कुठे आहे, कोणीकडे सरकतो आहे हे दर काही मिनिटांनी दाखवतात. त्यावरून हवामान विभाग पुढच्या तीन तासांचा तात्कालिक इशारा काढतो. रडारचा झोत दूर जाताना जमिनीपासून उंच उंच जातो आणि डोंगरही आड येतात, म्हणून लांबच्या तालुक्यांत खालचे ढग निसटू शकतात. विजेसाठी पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' अॅप आहे. आसपासच्या २० ते ४० किलोमीटर परिसरातल्या विजांची सूचना ते देते. बागेत मजूर असताना या अॅपचे मोल फार.

फवारणीला पाऊस आणि वारा दोन्ही पाहावे लागतात. वारा ताशी १५ किलोमीटरच्या वर गेला की तुषार शेजारच्या रानात जातात. अगदी पडलेला वाराही सोयीचा नसतो. निरभ्र रात्रीनंतर पहाटे जमिनीलगत थंड हवा आणि वर उबदार हवा असा उलटा थर असतो. त्यात बारीक तुषार खाली न बसता तरंगत राहतात आणि भलतीकडे पोहोचतात. ऊन थोडे वर आल्यावर, मंद वाऱ्यात फवारणे त्यामुळेच बरे.

डाऊनीचे गणित

दिवसांच्या अंदाजाचा खरा कस द्राक्षबागेत लागतो. नाशिक-सांगलीकडे ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर पोंगे फुटतात आणि पुढचे काही आठवडे डाऊनी रोगाच्या भीतीचे असतात. या रोगाच्या बीजाणूंना पानात शिरायला पानावर दोन-तीन तास टिकणारे पाणी लागते, मग ते पावसाचे असो वा दवाचे. पुढे आर्द्रता पंच्याण्णव टक्क्यांच्या वर राहिलेल्या रात्री पानाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी उगवते. वरच्या बाजूला तेलकट डाग दिसतो. संसर्ग आणि डाग यांत काही दिवस जातात, म्हणून डाग दिसल्यावर धावपळ करणे उशिराचे ठरते. स्पर्शजन्य बुरशीनाशक पावसाआधी पानावर असावे लागते. पाऊस होऊन गेल्यावर आंतरप्रवाहीची वेळ येते. कोणते औषध केव्हा, हे त्यामुळे पाच दिवसांच्या पावसाच्या आणि आर्द्रतेच्या आकड्यांवर ठरते. भुरी या दुसऱ्या बुरशीचे वागणे वेगळे. तिला पानावर पाणी नको असते. पाऊस न पडता नुसते ढगाळ, दमट हवामान राहिले तरी ती वाढते. म्हणजे 'पाऊस ०, ढग ७' हा अंदाजही बागायतदाराला बरेच काही सांगून जातो.

पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र दर आठवड्याला विभागवार हवामान पाहून द्राक्षासाठी स्वतंत्र सल्ला देते. सर्वसाधारण अंदाजाचे पिकाच्या अवस्थेप्रमाणे असे भाषांतर होते, तेव्हाच तो बागेच्या कामाचा होतो.

पहाटेचा पारा

बातमीतले किमान तापमान पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर मोजलेले असते. निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतची हवा त्याहून काही अंशांनी थंड असू शकते. थंड हवा जड असल्याने उताराने वाहत सखल भागात साचते. निफाड परिसरातला पारा अनेकदा नाशिक शहराच्या खाली असतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली नोंद म्हणूनच हिवाळ्यात बातमी होते.

या बाबतीत पुण्यातला एक शोध जगाला माहीत आहे. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी १९३२ मध्ये दाखवले, की शांत, निरभ्र रात्री सर्वांत थंड जागा उघड्या जमिनीवर नसून तिच्यापासून काही वीत वर असते. सुरुवातीला अनेकांना ही मोजणीतली चूक वाटली, पण नंतरच्या प्रयोगांत तेच आढळले. १९९३ मध्ये रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उष्णतेच्या प्रारणाच्या गणिताने त्याचा उलगडा केला. आज हा थर 'रामदास थर' म्हणून ओळखला जातो. रोपवाटिकेतली रोपे आणि भाजीपाला नेमका याच उंचीवर वाढतो.

थंडीचा इशारा मिळाल्यावर बागेत शेकोट्या पेटवतात किंवा पहाटे विहिरीचे पाणी देतात. शेकोटीचा उपयोग तिच्या उष्णतेमुळे आणि हवा ढवळली गेल्यामुळे होतो. नुसता धूर जमिनीतून निसटणारी उष्णता फारशी अडवत नाही. विहिरीचे पाणी मात्र रात्रीच्या हवेपेक्षा उबदार असते आणि ओली माती उष्णता चांगली वाहून आणते.

पाण्याचा हिशेब

ठिबकसाठी पाहायचा आकडा बाष्पीभवनाचा. कृषी हवामान केंद्रात जाळीने झाकलेल्या उथळ, गोल पात्रातले पाणी रोज किती मिलिमीटरने उतरले ते मोजतात. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, गुंठ्याला साधारण शंभर लिटर. पात्रातून ६ मिलिमीटर उडाले तर गुंठ्यामागे सहाशे लिटर; त्याला पिकाच्या अवस्थेचा आणि झाडाच्या पानोऱ्याने झाकलेल्या क्षेत्राचा गुणांक लावून झाडाची गरज निघते. उद्या ऊन, वारा आणि कोरडेपणा वाढणार असे अंदाज सांगत असेल, तर ठिबकची वेळ आजच वाढवता येते.

आठवडे, हंगाम आणि नक्षत्रे

छाटणी केव्हा घ्यावी, बहार केव्हा धरावा हे आठवड्यांचे प्रश्न. त्यांसाठी हवामान विभाग दर गुरुवारी चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. त्यात रोजचा पाऊस नसतो. आठवडा सरासरीपेक्षा ओला की कोरडा, उष्ण की थंड, एवढाच कल असतो. एप्रिलमध्ये येणारा मॉन्सूनचा अंदाज तर देशाच्या एकूण पावसाचा. त्यावरून शेततळे किती भरेल याचा ढोबळ विचार करता येतो, फवारणीचा दिवस ठरवता येत नाही.

पंचांगातली पावसाची नक्षत्रे आणि त्यांची बेडूक, म्हैस, कोल्हा अशी वाहने अजूनही गावात चर्चेत असतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची अक्षय्य तृतीयेची घटमांडणी दरवर्षी बातम्यांत येते. सूर्याच्या स्थितीवरून ठरणारी नक्षत्रे ऋतूची दिनदर्शिका म्हणून उपयोगी आहेत; मृगात पेरणीची तयारी, हस्तात परतीचा पाऊस हा अनुभवाचा हिशेब त्यात आहे. वाहनांचा मात्र त्या वर्षीच्या हवेच्या दाबाशी किंवा समुद्राच्या तापमानाशी संबंध नसतो.

बागेतली नोंद

अंदाज आणि बाग यांतले अंतर भरून काढते ती मोजणी. राज्यात 'महावेध' प्रकल्पात महसूल मंडळ पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. फळपीक विम्याच्या भरपाईसाठी त्यांच्या नोंदी धरल्या जातात. त्याखेरीज बागेतच एक कमाल-किमान तापमापक आणि एक पर्जन्यमापक ठेवला, तर खर्च थोडा आणि उपयोग मोठा. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट तळाचा डबाही चालतो. त्यात १० मिलिमीटर पाणी साचले तर पाऊस १० मिलिमीटर. तो झाडे आणि भिंतींपासून दूर ठेवावा आणि रोज साडेआठला मोजून रिकामा करावा.

एक-दोन हंगाम अशा नोंदी अंदाजाशेजारी लिहिल्या, की बागेचा कल कळू लागतो : किमान तापमान अंदाजापेक्षा नेहमी दोन अंशांनी कमी भरते, किंवा पश्चिमेच्या डोंगरामुळे पाऊस कमी पडतो. गच्चीवर उलट आढळते. तापलेल्या स्लॅबमुळे रात्रीचे तापमान बातमीतल्यापेक्षा जास्त राहते आणि कुंड्या लवकर सुकतात. हा फरक एकदा लक्षात आला, की जिल्ह्याच्या आकड्यात तेवढी बेरीज-वजाबाकी करून तो आपल्या बागेला लावता येतो.