शेवटची सेवा कशी झाली, हे घरच्यांना विचारा

आजार बरा होणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले, की पुष्कळ कुटुंबांना वाटते, आता दवाखान्याचे काम संपले. खरे तर तिथून वेगळे काम सुरू होते: दुखणे कमी करणे, जखम स्वच्छ ठेवणे, धाप आवरणे, रुग्णाला व घरच्यांना धीर देणे. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. शेवटच्या दिवसांत जिथे राहून ती मिळते, ते हॉस्पिस. देशातले पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झाले. पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र १९९७ पासून आहे. दोन्हीकडे सेवा मोफत आहे. पण अकोले, पाथर्डी, जामखेडच्या गरीब कुटुंबाला तिथे जाऊन राहणे जड जाते. म्हणून आपल्याकडे ही सेवा बहुधा घरीच, बायको, सून, लेक यांच्या हातून होते.

ती नीट झाली का, हे रुग्ण सांगू शकत नाही. म्हणून अमेरिकेत २०१५ पासून हॉस्पिसमधील रुग्णाच्या मृत्यूनंतर घरच्यांनाच प्रश्नावली पाठवतात. तसेच साधे प्रश्न आपणही विचारावेत, आणि शक्यतो सेवा चालू असतानाच विचारावेत:

१. दुखणे किती आहे, हे प्रत्येक भेटीत विचारले का? औषधाने रात्रीची झोप लागली का?
२. पुढे काय होऊ शकते, हे आपल्या भाषेत सांगितले का?
३. कूस बदलणे, जखम धुणे, नळीतून भरवणे हे हाताला धरून शिकवले का?
४. रात्री त्रास वाढला तर फोन कोणाला करायचा, हे ठाऊक होते का?
५. रुग्णाला मानाने वागवले का?
६. सेवा करणारीची झोप, जेवण, बुडालेली मजुरी यांची कोणी चौकशी केली का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर गप्प बसू नये. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे चांगले आणि स्वस्त औषध आहे. २०१४ साली कायदा बदलून ते मिळणे सोपे केले गेले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्यास व्यसनाची भीती बाळगायचे कारण नाही. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून ती सांगितलेल्या वेळेलाच द्यावी. बद्धकोष्ठ होतो, त्यासाठीचे औषधही मागून घ्यावे.

घरच्या बाईला हे जमेल का, अशी शंका नको. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून उभ्या केलेल्या प्रकल्पात कमी शिकलेल्या, दलित वस्तीतल्या बायांनीच गावाचे आरोग्य सांभाळून दाखवले. गरज आहे ती शिकवणाऱ्याची.

राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ पासून आहे, आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या (पूर्वीच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या) सेवांतही ही सेवा धरलेली आहे. आशाताईंना, प्राथमिक आरोग्य केंद्राला व नगरच्या जिल्हा रुग्णालयाला ती मागावी. वरच्या सहा प्रश्नांची उत्तरे लिहून सोबत न्यावीत. तोंडी गाऱ्हाण्यापेक्षा कागद जास्त काम करतो.