टॉमस जेफर्सन : नांगर आणि ऋण

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ साली ज्यांच्या लेखणीतून उतरला व जे १८०१ ते १८०९ पर्यंत त्या राष्ट्राचे अध्यक्ष होते, त्या टॉमस जेफर्सन यांचे नाव आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. त्यांच्या राजकारणावर पुष्कळांनी लिहिले आहे. आम्हांस येथे त्यांच्या शेतीविषयी व त्यांच्या कर्जाविषयी लिहावयाचे आहे.

व्हर्जिनिया प्रांतात माँटिसेलो नावाच्या टेकडीवर त्यांचे घर असून भोवती सुमारे ५,००० एकर जमीन होती. तंबाखूने जमीन खंगते हे पाहून त्यांनी गव्हाकडे मोर्चा वळविला व पिकांच्या फेरपालटीचा क्रम आखला. १७८८ साली फ्रान्समध्ये प्रवास करीत असता तेथील बोजड नांगर त्यांच्या दृष्टीस पडले. फाळाने कापलेली माती उलथून टाकणारी फळी कोणत्या वळणाची असावी, म्हणजे बैलास ओढ कमी पडेल, याचे गणित त्यांनी मांडले. आणि ते असे, की साध्या सुतारास करवत व वाकस यांच्या साह्याने तशीच फळी पुन्हा पुन्हा घडविता यावी. फ्रान्समधील शेतकी मंडळाने त्याबद्दल त्यांस सुवर्णपदक दिले. त्यांनी मात्र या शोधाचा मक्ता घेतला नाही. ज्यास हवा त्याने नांगर करावा, हीच त्यांची वृत्ती. त्यांचे जावई टॉमस मान रँडॉल्फ यांनी उताराच्या जमिनीत आडवी, समपातळीची नांगरट सुरू केली. तिने माती वाहून जाण्याचे थांबले, असे जेफर्सन यांनी १८१३ च्या एका पत्रात समाधानाने कळविले आहे.

माती राखणाऱ्या या गृहस्थास पैसा मात्र राखता आला नाही. सासरे १७७३ साली वारले, तेव्हा जमिनीबरोबर इंग्रज व्यापाऱ्यांचे देणेही पदरी आले. ते फेडण्यास जमीन विकली, तो युद्धकाळात चलन घसरून आलेला पैसा कवडीमोल झाला. त्यात बांधकाम, ग्रंथ व उंची मद्ये यांचा खर्च कधी आटोपला नाही, हेही सांगितले पाहिजे. १८१८ साली नातवाच्या सासऱ्यास २०,००० डॉलरांकरिता ते जामीन राहिले. पुढच्याच वर्षी मंदी आली आणि तो बोजाही त्यांच्याच माथी बसला. जामिनकीचा हा अनुभव कोणत्या गावास नवा आहे?

४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी, ते निवर्तले. देणे एक लाख डॉलरांहून अधिक होते. ते फेडले कोणी? सर्व मनुष्ये समान जन्मतात असे लिहिणाऱ्या या पुरुषाने हयातीत सहाशेंहून अधिक गुलाम बाळगले होते. जानेवारी १८२७ मध्ये गुरेढोरे, अवजारे व घरसामान यांच्याबरोबर १३० गुलाम लिलावास काढण्यात आले. मृत्युपत्राने ज्या पाच जणांस मुक्तता दिली होती, त्यांत लोहारशाळेचा प्रमुख जोसेफ फॉसेट होता. त्याची बायको एडिथ व मुले मात्र लिलावात निरनिराळ्या गिऱ्हाइकांकडे गेली. पुढे त्यांतील काहींस त्याने सोडवून घेतले. पीटर नावाचा मुलगा मात्र कित्येक वर्षे दास्यातच राहिला.