घरातली झाडं (भाग ६) : औषधाआधी पाणी

मागच्या भागात कुंडीतल्या मातीचा विचार झाला. आज किडीचा करू. लांज्यासारख्या गावात एक गोष्ट सहज पडताळता येते. खळ्यातली जास्वंद पावसाळाभर बरी असते आणि त्याच जास्वंदीची फांदी कुंडीत लावून पडवीत ठेवली, की तिच्यावर पिठ्या ढेकूण चढतो. फरक जातीचा नसून जागेचा आहे. बाहेर जोराचा पाऊस पिलं धुऊन काढतो आणि ढालकिडे, परोपजीवी गांधीलमाश्या उरलेल्यांचा समाचार घेतात. छपराखाली ना पाऊस पोचतो, ना हे शत्रू. कीड निवांत वाढते, तिच्या चिकट स्रावावर काजळी धरते आणि त्या गोडव्यासाठी आलेल्या मुंग्या उलट तिचीच राखण करतात. म्हणून घरातल्या झाडासाठी पावसाचं काम आपणच करायला हवं.

यावर इथला नेहमीचा आक्षेप असा : आंब्याच्या तुडतुड्यांसाठी आणलेलं औषध घरात आहेच, थोडं मारलं तर काय बिघडलं? बरंच बिघडतं. ते औषध मोकळ्या बागेसाठी असतं. पावसाळ्यात खिडक्या बंद असलेल्या खोलीत त्याचा वास आणि अंश घरातल्यांच्याच वाट्याला येतो. शिवाय डेल्टामेथ्रिनसारखी औषधं लाल कोळी या पानांवरच्या किडीला खाणारे मित्रकीटक मारतात आणि कोळी मात्र पुन्हा जोमानं वाढतो. पपईवरच्या पिठ्या ढेकणाचा दाखला तर मोठाच आहे. २००८ साली तो कोइमतूर भागात सापडला, पुढं महाराष्ट्रातही पसरला. फवारण्यांना तो बधला नाही. २०१० साली परदेशातून आणलेल्या एका चिमुकल्या परोपजीवी गांधीलमाशीनं त्याला आवरलं.

दुसरा आक्षेप : नुसत्या पाण्यानं कीड जाते का? एकदा धुऊन जात नाही, हे खरं. पिठ्या ढेकणाची अंडी कापसासारख्या मेणचट पिशवीत असतात, तिथं पाणीच काय, औषधही नीट शिरत नाही. म्हणून आधी कापसाच्या बोळ्यानं किंवा जुन्या टूथब्रशनं ती पुंजकी काढावीत, मग पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याची धार सोडावी. त्यानंतर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून, आधी एका पानावर पाहून, संध्याकाळी फवारावं. अंड्यांतून नवी पिलं निघत राहतात, त्यामुळे हे सारं आठवड्याच्या अंतरानं तीनदा करावं. शिमग्यानंतरच्या कोरड्या उन्हात पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि जाळी दिसली, तर तो लाल कोळी. त्यावरही पानं धुण्याचाच उपाय लागू पडतो.

निंबोळी नैसर्गिक म्हणून हवी तितकी ओतू नये. जास्त झाल्यास पानं करपतात. मुळांपर्यंत कीड गेलेलं झाड वाचवण्याच्या नादात बाकीच्या कुंड्या गमावू नका, ते काढून टाका. आणि नवं रोप आणलंत, तर पंधरा दिवस ते इतरांपासून लांब ठेवा. घरातली बहुतेक कीड नव्या रोपाबरोबरच आत येते.