ताई, अख्खा स्विच बदलावा लागेल!

गाडीचा इंडिकेटर लागेनासा झाला किंवा हेडलाइट मध्येच जायला लागले, की गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'ताई, अख्खा स्विच बदलावा लागेल.' कधी ते खरं असतं, कधी नसतं. त्यामागोमाग दुसरं वाक्य येतं, 'साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो.' मैत्रिणींनो, साहेबांना पाठवायची काही गरज नाही. यातलं निम्मं निदान सोसायटीच्या आवारात, पाच मिनिटांत, पान्हा हातात न घेता आपलं आपल्याला करता येतं.

स्टीअरिंगशेजारच्या दांडीशी मुंबईकरांची ओळख जुनीच. काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीत गिअरसुद्धा तिथेच असायचा; ती टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. आपल्यातल्या कितीतरी जणी गाडी शिकल्या त्या मारुती ८००वर. १९८३ ते २०१४ अशी तीस वर्षं ती बनत होती. तिच्यात दिवे आणि इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला, वायपरची डाव्या. युरोपीय बनावटीच्या बऱ्याच गाड्यांत हे उलटं असतं. या सगळ्या जोडकामाला गॅरेजवाले 'कॉम्बिनेशन स्विच' म्हणतात. एका दांडीवर चार कामं असल्यामुळे एक बिघडलं की चारही बिघडल्यासारखी वाटतात.

म्हणून आधी लक्षणं बघायची. एका बाजूचा इंडिकेटर नेहमीपेक्षा भराभर टिकटिक करतोय? साध्या बल्बच्या गाडीत बहुधा त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असतो, स्विच नव्हे. दोन्ही बाजूंचे इंडिकेटर बंद आहेत? मग चारही दिवे एकदम लुकलुकवणारं हॅझर्डचं बटण दाबा. ते चालू झाले तर बल्ब ठीक आहेत. फ्यूज तपासायचा, तो शाबूत असेल तर संशय दांडीवर. दांडी बोटाने धरून ठेवली की लागतो आणि सोडली की विझतो, असं असेल तर आतले संपर्क झिजलेत. वळण संपल्यावर दांडी आपोआप परत येत नसेल, तर आतली छोटी प्लॅस्टिकची जीभ तुटलेली असू शकते.

हेडलाइटचंही तसंच. गाडी भिंतीसमोर उभी करून दिवे लावा. एकच गेला असेल तर बल्ब किंवा फ्यूज. दोन्ही एकदम गेले तर स्विच किंवा रिले. मात्र एक आधीच गेलेला असतो आणि आपल्या लक्षात येत नाही, असंही होतं. म्हणून महिन्यातून एकदा भिंतीवरची ही परीक्षा घ्यावीच. लोअर लागत नाही, पण दांडी स्वतःकडे ओढली की डिपर लागतो, असं असेल तर संशय स्विचकडे झुकतो.

आता खरा मुद्दा. स्विच जळतो का? बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइटची सगळी वीज या दांडीतूनच जाते. ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे १२ व्होल्टवर साधारण ९ अँपिअर. हौसेने १०० वॅटचे 'जोरदार' बल्ब बसवले, की अप्परला हाच आकडा १६-१७वर जातो. संपर्क तापतात, काळे पडतात, प्लॅस्टिक वितळतं. अशा गाडीत नुसता नवा स्विच घातला तर तोही जळणार. बल्ब मूळ वॅटचे करा आणि जाडसर वायरिंगसह रिले बसवून घ्या; मग जास्तीची वीज रिलेतून जाते, दांडीला फक्त हुकूम द्यायचं काम उरतं. जळका वास आला, दांडीचं आवरण गरम लागलं, तर गाडी बाजूला घेऊन दिवे बंद करा. अशा वेळी 'घरी जाऊन बघू' नको.

मुंबईत दुसरा शत्रू म्हणजे हवा आणि पाणी. समुद्राच्या खाऱ्या हवेने वायरिंगच्या जोडण्यांवर हिरवट थर चढतो. परळला हिंदमातापाशी तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली आणि दुसऱ्या दिवशी दिवे रुसले, तर आधी जोडण्या सुकवून साफ करून बघायला सांगा. त्यासाठी कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो.

स्विच बदलायचाच ठरला तर ऑपेरा हाउसजवळच्या सुट्या भागांच्या दुकानांत जुना तुकडा बरोबर न्यायचा आणि पिना मोजून, जोडणी जुळवूनच नवा घ्यायचा. गाडीचं वर्ष सांगायला विसरू नका. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक स्विच बदलतो.

बसवताना बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढली जाते ना, हे बघा. अनेक जुन्या गाड्यांत स्टीअरिंग उतरवावं लागतं. उतरवण्यापूर्वी खूण करायला सांगा, नाहीतर गाडी सरळ चालते आणि स्टीअरिंग वाकडं दिसतं. एअरबॅगची गाडी असेल तर (१ जुलै २०१९पासून नव्या गाडीत चालकासाठी ती सक्तीची आहे) हे काम रस्त्याकडेला करून घेऊ नका. जाणकार माणूस हवाच. काम झाल्यावर चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे.

तोवर दिवसा गाडी गॅरेजपर्यंत न्यायची वेळ आलीच तर लर्निंग लायसन्सच्या वेळी पाठ केलेले हात आठवा: उजवीकडे वळताना उजवा हात बाहेर सरळ, डावीकडे वळताना तोच हात घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. दिवे नसताना रात्री मात्र गाडी काढायचीच नाही.

गॅरेजमध्ये तीन प्रश्न विचारा. फ्यूज आणि बल्ब तपासले का? बल्ब किती वॅटचे आहेत? रिले आहे का? आणि काढलेला जुना स्विच मागून घ्या, उघडून बघा. संपर्क काळे पडले असतील तर ते लगेच दिसतं.