लेकरू पिठात हात घालतंय? लगेच मागं ओढू नका. पहिल्या तीन वर्षांत ‘पसारा’ का गरजेचा?

भाकरी करायला आई परातीत ज्वारीचं पीठ घेते. दीड वर्षाचं लेकरू दुडुदुडु येतं आणि दोन्ही हात थेट पिठात घालतं. मिनिटभरात पीठ केसांत, कपड्यांवर, फरशीवर. ‘सगळा राडा केला!’ म्हणत त्याला उचललं जातं आणि शांत बसावं म्हणून हातात मोबाईल दिला जातो. धाराशिव शहरातला फ्लॅट असो की भूम-परंड्याकडचं वस्तीवरचं घर, हे चित्र नवीन नाही.

पण त्या पिठात लेकरू जे शिकत होतं, ते मोबाईलच्या काचेवर मिळत नाही. कसं, ते समजून घेऊ.

सेन्सरी प्ले म्हणजे काय?

हात लावून, वास घेऊन, चव घेऊन, ऐकून आणि बघून वस्तू ओळखण्याचा खेळ म्हणजे सेन्सरी प्ले. माती, पाणी, कणीक, दहीभात, वाळलेली पानं असं काहीही त्यात चालतं. नाव नवीन असलं तरी खेळ जुनाच आहे. पोळ्याला मातीचे बैल करताना घरातल्या लेकरांच्या हातात चिखलाचा गोळा यायचा, तोही हाच खेळ.

मेंदूत नेमकं काय घडतं?

जन्माच्या वेळी बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव आकाराचा असतो. तीन वर्षांपर्यंत तो सुमारे 80 टक्के आणि पाच वर्षांपर्यंत सुमारे 90 टक्के वाढतो. पहिल्या काही वर्षांत मेंदूत दर सेकंदाला 10 लाखांहून जास्त नव्या जोडण्या तयार होतात, असं हार्वर्ड विद्यापीठाचं बालविकास केंद्र सांगतं. ज्या जोडण्या वारंवार वापरल्या जातात त्या पक्क्या होतात, बाकीच्या गळून पडतात.

लेकरू कणीक दाबतं, ती चपटी होते. पाणी ओततं, ते सांडतं. ‘मी असं केलं की तसं होतं’ हा कार्यकारणाचा पहिला धडा. चिमटीत पीठ धरताना बोटांना जो सराव होतो, तोच पुढे घास उचलायला, बटण लावायला आणि पेन्सिल धरायला कामी येतो.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी 16 महिन्यांच्या मुलांवर केलेला एक अभ्यास 2013 मध्ये समोर आला. मुलांपुढे पुडिंग, ज्यूस, सूप असे पातळ पदार्थ ठेवून त्यांना नवी नावं सांगितली गेली. जेवणाच्या खुर्चीत बसून पदार्थ हातानं चिवडणाऱ्या, तोंडात घालणाऱ्या मुलांना ती नावं जास्त चांगली लक्षात राहिली.

मग नुसता पसारा केला की झालं?

नाही. पसारा हे फक्त निमित्त. खरं काम शेजारी बसलेल्या माणसाचं. ‘बघ, पाणी गार आहे’, ‘कणीक चिकट लागली ना?’, ‘वाळू कशी खरखरीत!’ असं बोललं की हाताला जाणवलेल्या गोष्टीला शब्द मिळतो. लेकरानं हुंकार दिला की आपण उत्तर द्यायचं. या देवाणघेवाणीतूनच भाषा येते. दिवसाची 10-15 मिनिटंही पुरतात.

दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन देऊच नये आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासाच्या पुढे जाऊ नये, असं भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनं 2021 मध्ये सांगितलंय.

अंगणवाडी आहे की, मग घरी कशाला?

अंगणवाडीतलं पूर्वशालेय शिक्षण 3 ते 6 वयोगटासाठी असतं. त्याआधीच्या मुलांना घरी नेण्याचा आहार मिळतो, वजन-उंची होते, लसीकरण होते. पण दिवस घरीच जातो. ही पोकळी भरायला केंद्र सरकारनं 2024 मध्ये ‘नवचेतना’ हा जन्मापासून तीन वर्षांपर्यंतचा आराखडा आणला. त्यात वयानुसार 140 कृती आहेत. तुमच्या अंगणवाडी ताईंना त्याबद्दल जरूर विचारा.

कळंब, वाशी, भूम, परंडा भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची लेकरं तर कित्येक महिने गावच्या अंगणवाडीपासून लांब असतात. तिथं आईबापानं किंवा आजीनं दिलेली दहा मिनिटं आणखी मोलाची.

महागड्या खेळण्यांची गरज नाही, हे महाराष्ट्राला जुनंच ठाऊक आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीत काम सुरू केलं, तेव्हा आसपास मिळणाऱ्या वस्तूच शिकण्याची साधनं झाल्या.

घरी काय करता येईल?

• स्वयंपाक करताना कणकेचा छोटा गोळा हातात द्या.
• परातीत तांब्याभर पाणी, एक वाटी, एक चमचा. पाणीटंचाई असेल तर तेच पाणी नंतर झाडाला घाला.
• हळद, बीट किंवा पालकाचा रस कणकेत मिसळून रंग करा.
• जेवताना दहीभात, वरणभात हातानं खाऊ द्या.
• खाली जुनी चादर अंथरा. आवरायला सोपं जातं.

काय सांभाळायचं?

• हरभरे, शेंगदाणे, चिंचोके, मणी तीन वर्षांच्या आत देऊ नका. नाकात, घशात अडकतात.
• भरलेल्या बादलीजवळ क्षणभरही एकटं सोडू नका.
• फवारणी किंवा खत टाकलेल्या रानातली, कुत्र्या-मांजरांनी घाण केलेली माती नको.
• खेळून झाल्यावर साबणानं हात धुवा, नखं कापा. एक वर्षानंतर जंतनाशक गोळी वर्षातून दोनदा सरकारी मोहिमेत मोफत मिळते.
• लेकरू रोजच माती खात असेल तर त्यामागं रक्ताची कमतरता असू शकते. डॉक्टरांना दाखवा.
• एखाद्याला चिकट स्पर्श आवडत नाही. बळजबरी नको, आधी चमच्यानं खेळू द्या.

तेरच्या गोरोबा काकांची कथा आपल्या जिल्ह्यात घरोघरी माहीत आहे. विठ्ठलाच्या भजनात तल्लीन होऊन चिखल तुडवताना रांगतं बाळ पायाखाली आल्याचं त्यांना कळलं नाही. कथा भक्तीची आहे, पण आईबापांसाठी त्यात एक गोष्ट आहेच: लेकरू मातीजवळ असेल, तेव्हा मोठ्यांचं लक्ष तिथंच हवं.

उद्या परात पुढं ओढलीत की पिठाचा एक छोटा गोळा बाजूला काढा आणि मोबाईल फडताळात वर ठेवा. लेकराचाही आणि आपलाही.