अद्भुताची बांधणी

जुन्या विज्ञानपटांवर आणि राक्षसपटांवर जीव जडलेली अमेरिकेतील मंडळी स्वतः लिहून, स्वतः छापून, प्रसंगी पदरमोड करून जी हौशी मासिके आज जवळजवळ शतकभर काढीत आली आहेत, तशा जातीचे काही आपल्या मराठीत झाले आहे काय, आणि झाले असल्यास यवतमाळसारख्या, कापसाच्या भावावर ज्याची दिवाळी ठरते अशा जिल्ह्यात त्याचा काही माग लागतो काय, असा प्रश्न संपादकांनी मला घातला, तेव्हा उत्तर नकारार्थीच येणार अशी माझी खात्री होती. तथापि नकार द्यायचा तरी चौकशी करून द्यावा, या जुन्या कचेरीशिस्तीने मी कामाला लागलो.

तिकडील इतिहास थोडक्यात सांगून टाकतो, कारण तो पुष्कळांनी सांगितला आहे. १९३० च्या मे महिन्यात शिकागोच्या एका विज्ञान-पत्रव्यवहार मंडळाने ‘द कॉमेट’ हे पत्र काढले आणि या परंपरेचा आरंभ तेथून धरला जातो. १९३३ मध्ये जेरी सीगेल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन शाळकरी मुलांनी आपल्या घरगुती अंकात ‘सुपरमॅन’ हे नाव प्रथम एका खलपुरुषाला देऊन पाहिले. तो पुढे सज्जन झाला आणि कोट्यधीशांचे धन ठरला, हा भाग निराळा. १९३९ मध्ये रे ब्रॅडबरीने आपला मित्र फॉरेस्ट ॲकरमन याच्या पैशांवर असेच मासिक सुरू केले, ते चार अंकांत आटोपले. हाच ॲकरमन १९५८ मध्ये ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ या राक्षसपटांच्या मासिकाचा संपादक झाला. ते एकच अंक काढावयाचा म्हणून निघाले आणि १९८३ पर्यंत चालले. ते धंदेवाईक होते खरे. पण त्याच्या बालवाचकांनी घरोघर आपापली मासिके काढण्याचा जो सपाटा लावला, त्यातूनच १९६३ मध्ये बाल्टिमोरच्या गॅरी स्व्हेला नामक शाळकरी मुलाचे ‘गोअर क्रीचर्स’ जन्मास आले. १९७२ मध्ये आयोवा प्रांतातील रिचर्ड क्लेमेन्सेन यांनी तर ब्रिटनच्या हॅमर या एकाच चित्रसंस्थेच्या भयपटांना वाहिलेले स्वतंत्र नियतकालिक काढले. निष्ठेची ही पराकाष्ठा म्हटली पाहिजे!

या सर्व उद्योगाचे वाहन म्हणजे सायक्लोस्टाईलचे यंत्र, आणि ते यवतमाळच्या कचेऱ्यांना, शाळांना आणि सहकारी संस्थांना कालपरवापर्यंत चांगलेच परिचित होते. टाइपरायटरची फीत बाजूस सारून मेणकापडी स्टेन्सिलवर नुसती अक्षरे आपटावयाची, म्हणजे मेण फुटून अक्षराच्या आकाराची वाट होते. ते स्टेन्सिल शाई भरलेल्या पंचपात्रावर ताणून बसवावयाचे आणि दांडा फिरवावयाचा. १८८१ च्या सुमारास डेव्हिड गेस्टेट्नर याने लंडनमध्ये सायक्लोस्टाईलचे हक्क मिळविले. आमच्याकडे याच यंत्रावर परिपत्रके, सहामाहीच्या प्रश्नपत्रिका आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेच्या नोटिसा निघाल्या. राक्षस निघाला नाही. मुलांच्या कल्पनाशक्तीला वाव होता तो शाळेच्या हस्तलिखितात; एक सुंदर अक्षराचा विद्यार्थी, एक चित्र काढणारा, वर्षाकाठी एकच प्रत, आणि तीही मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद. ज्या वस्तूची एकच प्रत असते तिला वाचकवर्ग निर्माण होत नाही. केवळ प्रेक्षक मिळतात, तेही स्नेहसंमेलनाच्या दिवशी.

मग मराठी मनाची अद्भुताची भूक कोणी भागविली? उत्तर शोधू गेल्यास एका व्यक्तीपाशी येऊन थांबावे लागते. अनंत अंतरकर यांनी पुण्यातून १९४६ मध्ये ‘हंस’, १९५० मध्ये ‘मोहिनी’ आणि १९५४ मध्ये ‘नवल’ अशी तीन मासिके काढली. पैकी ‘मोहिनी’ विनोदाला वाहिलेले, आणि शि. द. फडणीसांच्या शब्दांवाचून हसविणाऱ्या मुखपृष्ठांमुळे ते घरोघर पोहोचले. परंतु आपल्या विषयाशी नाते आहे ते ‘नवल’चे. गूढ, भय, साहस, विज्ञान आणि अतिमानुष यांनाच एखादे मासिक द्यावे, आणि ते द्वितीय श्रेणीचे मनोरंजन म्हणून नव्हे तर निवडीच्या काटेकोरपणाने चालवावे, ही कल्पना ज्या काळात नवकथेच्या श्रेष्ठतेविषयी वादंगे चालली होती त्या काळात अमलात आणणे, हे धंद्यापेक्षा वेडाच्या अधिक जवळचे होते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथांना आणि गूढकथांना या घराण्याच्या अंकांत हक्काची जागा मिळाली. १९६६ मध्ये अनंतराव गेले, आणि त्यांचे चिरंजीव आनंद अंतरकर यांनी तो भार उचलला. हौशी मासिक आणि धंद्याचे मासिक यांतील भेद आम्ही जमाखर्चावरून करतो. परंतु घरची माणसे, घरची पुंजी आणि घरचीच आवड यांवर जे चालते, त्याला हौशी म्हणण्यास मला तरी संकोच वाटत नाही.

अद्भुताची प्रतिष्ठा मात्र मराठीत फार सावकाश वाढली. विसाव्या शतकाच्या आरंभी, कोचीनला सुरू झालेल्या ‘केरळ कोकिळ’ने ज्यूल व्हर्नची चंद्रयात्रा क्रमशः मराठीत आणली होती, पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या घरचाच करून टाकला. पण हे सारे ‘मुलांसाठी’ या सदरात जमा झाले. चित्रपटाची गत याहून वाईट. १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’त काळ्या दोऱ्याने वस्तू हलवून अदृश्य माणूस भासविणारे बाबुभाई मिस्त्री ‘काला धागा’ याच नावाने ओळखले जाऊ लागले. १९६२ मध्ये त्यांनीच दारासिंगला घेऊन ‘किंगकाँग’ काढला. १९६६ मध्ये ‘गोगोला’ नावाचा समुद्रराक्षस हिंदी पडद्यावर अवतरला. या कारागिरीला आमच्या समीक्षकांनी पंक्तीचे पान कधी वाढलेच नाही. खुद्द जयंत नारळीकरांसारख्या शास्त्रज्ञाने मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा धाडली ती ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने, आणि अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून पत्नीच्या हस्ताक्षरात. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. त्याच्या आदल्याच वर्षी यवतमाळात ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले होते. विज्ञानकथालेखक म्हणून मान्यता पावलेले नारळीकर संमेलनाध्यक्ष झाले ते २०२१ मध्ये, नाशिकला. मधली सत्तेचाळीस वर्षे मराठी साहित्याने हा निकाल तहकूब ठेवला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

येथवरचा मजकूर पुस्तकांत मिळतो. माझे चित्त गुंतले ते निराळ्याच ठिकाणी. जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी जुने वाचनालय आहे आणि तेथे ‘नवल’ व ‘हंस’ यांचे काही बांधीव खंड अद्याप शिल्लक आहेत असे कळल्यावरून मी तेथे गेलो. खंड होते, आणि ते ज्याने बांधले होते तो वृद्ध बाइंडरही, सुदैवाने, त्या दिवशी वाचनालयाच्या मागील पडवीत काम करीत बसलेला होता. हयातभर त्याने तहसीलच्या फेरफार-वह्या आणि जमाबंदीची दप्तरे बांधली. मासिके हे त्याचे वरकड काम. मी त्याला ‘काका’ म्हणू लागलो आणि त्याने मला, माझे पांढरे केस पाहूनही, ‘बाबू’ म्हणून स्टुलावर बसविले.

त्याची पद्धत पाहण्यासारखी होती. प्रथम अंकाच्या पाठीतील गंजलेल्या तारा उपसावयाच्या, कारण तारेचा गंज कागदात उतरला की तो भाग पापडासारखा तुटतो. मग फर्मे सुटे करून अनुक्रमाने लावावयाचे. दाभणाने भोके पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने जुजबंदी शिलाई घालावयाची, म्हणजे एकेक फर्मा शेजारच्या फर्म्याला आतून जखडला जातो आणि खंड उघडला असता सपाट पडतो. खळ मैद्याची, तीत मोरचूद अवश्य. त्यावाचून झुरळे आणि कसर पुठ्ठाच आधी खातात. पाठीवर खादीचा पट्टा, त्यावर पुठ्ठा, मग सारा गठ्ठा शिकंज्यात कसून रात्रभर ठेवावयाचा. शिकंजा लाकडी, दोन मळसूत्रांचा, त्याच्या वडिलांच्या वेळचा. एक मळसूत्र झिजलेले असल्यामुळे डावी बाजू सदैव किंचित सैल राहते, म्हणून तो तिकडे एक सागवानी पाचर ठोकतो. आणि ही पाचर किती ठोकावयाची हे दुसऱ्या कोणालाही सांगून कळत नाही, असे त्याने मला विनाअहंकार सांगितले. त्याने बांधलेला खंड मी हाती घेतला, मध्यभागी उघडला, आणि तो टेबलावर शांत पडून राहिला. इतक्या वर्षांनंतर एकही फर्मा हललेला नव्हता.

परंतु पाने चाळताना लक्षात आले की एकाही अंकाला मुखपृष्ठ नाही. वाचकांची पत्रे, जाहिराती, पुढील अंकाची घोषणा असलेले मलपृष्ठ, यांपैकी काहीही नाही. आणि तिन्ही बाजूंनी समास इतका कापलेला की काही चित्रांच्या कडा गेल्या आहेत. मी विचारले तेव्हा काका म्हणाले, “जाड कागद शिलाईत बसत नाई बाबू. अन् जाहिराती कोन वाचते? गोष्टी तं साऱ्या ठेवल्या न!” समितीचाही हुकूम तसाच होता: बांधणीचा दर खंडाच्या जाडीवर ठरत असे, तेव्हा अनावश्यक पाने काढावीत. कोणाचाही दोष म्हणता येणार नाही. दप्तर बांधणाऱ्याच्या दृष्टीने मजकूर रुजू झाला की काम पुरे होते.

अडचण अशी की, जुन्या अद्भुताचा उपासक ज्या गोष्टींसाठी जीव टाकतो, त्या नेमक्या याच. तो राक्षसाच्या चित्रासाठी येतो. कोणत्या गावच्या कोणत्या वाचकाने संपादकाला काय लिहिले हे पाहण्यासाठी येतो. कथा पुढे पुस्तकात येते. मुखपृष्ठ आणि पत्रे पुस्तकात येत नाहीत. अमेरिकेतील हौशी अंक छपाईच्या दृष्टीने सुमार, शुद्धलेखनाच्या दृष्टीने अनेकदा शोचनीय. तरीही ते टिकले, कारण ते जपून ठेवणारे वेडे होते. ॲकरमनच्या घरचा प्रचंड संग्रह त्याच्या हयातीतच विकला जाऊ लागला आणि २००८ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर उरलेलाही लिलावात पांगला हे खरे. परंतु हेव्हेलिन नावाच्या अशाच एका चाहत्याचा हजारो अंकांचा साठा आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात दाखल होऊन त्याची छायांकित प्रत होऊ लागली. आमच्याकडे मासिक देखणे निघाले, पैसे देऊन विकत घेतले गेले, आणि वर्ष सरल्यावर रद्दीच्या तागडीत बसले.

कायदा याबाबतीत अगदीच मुका नाही. ज्या १९५४ साली ‘नवल’ निघाले त्याच वर्षी प्रकाशित ग्रंथांच्या प्रती ठराविक मोठ्या ग्रंथालयांत जमा करण्याचा अधिनियम झाला, आणि १९५६ मध्ये तो वृत्तपत्रांना लागू केला गेला. परंतु कोलकाता किंवा मुंबईला प्रत असणे आणि पुसदच्या किंवा वणीच्या विद्यार्थ्याला ती दिसणे यांत अंतर आहे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्यान्वये वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्यानुसार अनुदान मिळते. तपासनीस येतो तो ग्रंथांची संख्या, सभासद आणि चालू नियतकालिके पाहतो. पन्नास वर्षांपूर्वीचे नियतकालिक कसरीने खाल्ले काय, हा प्रश्न त्याच्या नमुन्यात बसत नाही. जागा अपुरी पडली की समितीचा पहिला ठराव जुन्या मासिकांच्या निर्लेखनाचाच असतो.

त्यातून कागदाची जात. यांत्रिक लगद्याच्या कागदात लिग्निन शिल्लक राहते, हवेने व उजेडाने ते पिवळे पडते, आणि कागदातील आम्ल धाग्यांना आतून तोडीत जाते. यवतमाळचा मे महिन्यातील उन्हाळा आणि जुलैमधील दमट हवा या दोहोंच्या चिमटीत असा कागद फार काळ तग धरत नाही. जुजबंदी कितीही पक्की असली तरी शिलाईचा दोरा शाबूत राहून पानच त्याच्याभोवती फाटते, हे मी त्या खंडांत पाहिले.

छायाप्रती काढाव्यात तर स्वामित्वहक्काचा प्रश्न उभा राहतो. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क चालतो. नारायण धारप २००८ मध्ये वारले, म्हणजे त्यांच्या कथा २०६८ च्या अखेरीपर्यंत मोकळ्या होत नाहीत. वारसांच्या संमतीने हे काम करता येईल. पण संमती मागण्यासाठी पत्रव्यवहार करणारा कारकूनही बहुतेक वाचनालयांपाशी नाही. २०१८ मध्ये धारपांच्या कथेवरून स्फुरलेला ‘तुंबाड’ चित्रपट आला, धारपांचे नाव तरुणांच्या तोंडी आले, आणि मराठी भयकथा म्हणजे काय अशी विचारणा सुरू झाली. विचारणाऱ्यांच्या हाती द्यावयास आमच्याजवळ मुखपृष्ठे कापलेले खंड आहेत, तेही मोजके. पुढे खंड बांधणाराही उरणार नाही: काकांचा मुलगा आरटीओच्या दारात फॉर्म भरून देण्याचा व्यवसाय करतो. शिकंजा त्यांच्यानंतर कोणी चालविणार नाही.

म्हणून एक विनंती. ज्या वाचकांच्या माळ्यावर, ट्रंकेत किंवा वडिलांच्या कपाटात ‘नवल’, ‘हंस’ अथवा त्या काळातील कोणतेही गूढकथांचे अंक असतील, त्यांनी ते रद्दीत देण्यापूर्वी जवळच्या जुन्या वाचनालयात नेऊन द्यावेत, आणि देताना समितीकडून एवढे लेखी घ्यावे की बांधणी करावयाची झाल्यास मुखपृष्ठ, पत्रे आणि जाहिराती यांसह करावी. मुखपृष्ठांच्या जाडीमुळे बांधणीचा जो थोडा अधिक खर्च येईल, तो देणाऱ्याने सोबत जमा केल्यास कोणतीही समिती नाही म्हणणार नाही.