वाफेतून परतलेला साक्षीदार

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमधल्या एखाद्या लहानशा दवाखान्यात डॉक्टर इंजेक्शन देतात, सुई कोपऱ्यातल्या पांढऱ्या डब्यात टाकतात आणि आपण दंड चोळत बाहेर पडतो. डबा कडक असतो, सुई टोचून बाहेर येऊ नये म्हणून. आपल्या लेखी गोष्ट संपली. सुईची मात्र इथून पुढे सुरू होते, आणि ती समजून घेताना मी अक्षरशः थक्क झालो.

घरात आपण ओला आणि सुका एवढंच वेगळं करतो. दवाखान्यात चार रंग असतात. सुया, ब्लेड पांढऱ्यात. सलाइनच्या नळ्या, सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत. काचेच्या कुप्या निळ्यात. रक्ताळलेले बोळे, कापून काढलेले अवयव पिवळ्या पिशवीत. बाळंतपणातली वारसुद्धा पिवळीतच. आपल्याकडे वार जमिनीत पुरायची रीत होती. आता तिला अग्नी मिळतो.

हे सगळं न्यायला येते ती खाजगी कंपनीची बंद गाडी. कचरा 48 तासांहून जास्त ठेवायचा नाही, असा नियम आहे. प्रत्येक पिशवीवर बारकोड, म्हणजे अंबरनाथच्या कुठल्या प्रसूतिगृहातून काय निघालं याचा माग राहतो. बिल बहुधा खाटेमागे.

अशा कंपन्या का निघाल्या? 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या 50 किंवा अधिक खाटांच्या रुग्णालयांना भट्टी बसवायला सांगितलं. 1998 मध्ये देशभरासाठी जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले. पण भरवस्तीतल्या छोट्या भट्ट्यांना पुरेसा ताव येईना. अर्धवट जळलेल्या प्लास्टिकच्या धुरातून डायॉक्सिनसारखी विषं सुटत. त्यापेक्षा अनेक रुग्णालयांनी मिळून एकच मोठं, नीट चालणारं केंद्र वापरावं, ही कल्पना रुजली. 2016 च्या नियमांनी तर 75 किलोमीटरच्या आत सामायिक केंद्र असेल, तर रुग्णालयाने स्वतःचं उभारायचंच नाही असं ठरवलं. बदलापूरहून लोकलने सीएसएमटी गाठण्याइतकं, किंबहुना थोडं जास्तच, हे अंतर. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहत उल्हासनगर ओलांडणारी प्रदूषित वालधुनी नदी ज्यांनी रोज पाहिली आहे, त्यांना या शिस्तीची किंमत वेगळी सांगायला नको.

पिवळी पिशवी भट्टीत जाते. पहिल्या कक्षात किमान 800 अंश सेल्सिअस. तिथून निघालेला धूर थेट आकाशात सोडत नाहीत. त्यालाच दुसऱ्या कक्षात 1,050 अंशांच्या आसपास किमान दोन सेकंद पुन्हा जाळतात. धूर जाळायचा! मग तो धुऊन, गाळून, निदान 30 मीटर उंच धुराड्यातून बाहेर. उरलेल्या राखेत घातक घटक मर्यादेपेक्षा जास्त असतील, तर ती घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवावी लागते. या पट्ट्याला जवळचं असं केंद्र तळोज्याला आहे, मुंबई वेस्ट मॅनेजमेंट कंपनीचं.

लाल पिशवी आणि सुया मात्र वाफेवर. ऑटोक्लेव्ह हे यंत्र म्हणजे आपल्या कुकरचा थोरला भाऊ. पाणी उघड्यावर 100 अंशांना उकळतं. झाकण घट्ट लावून दाब वाढवला की वाफ 121 अंशांपर्यंत चढते. डाळ शिजते ती साधारण याच दाबाला. केंद्रात या तापमानाला कचरा तासभर ठेवतात. नंतर प्लास्टिकचे तुकडे करतात, म्हणजे तीच सिरिंज धुऊन पुन्हा कुणाच्या दंडात जायला नको, आणि ते तुकडे पुनर्वापराला जातात.

आता खरा प्रश्न. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. मग ते मेले, हे कळणार कसं?

याचं उत्तर मला फार आवडलं. मारायला अत्यंत चिवट असा जंतू मुद्दाम त्या कचऱ्याबरोबर आत पाठवायचा. त्याचं नाव जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस. 1920 साली बिघडलेल्या डबाबंद मक्यातून तो शास्त्राला माहीत झाला. म्हणजे सीलबंद करून तापवलेल्या डब्यातही तो तग धरून होता. आपल्या अंगाला तो काही करत नाही. आपल्याला चटका बसेल अशा 55-60 अंशांत तो सुखाने वाढतो, आणि वेळ वाईट आली की बीजाणूच्या कवचात शिरून बसतो. साधं उकळतं पाणी त्या कवचाला पुरत नाही.

करंगळीएवढी कुपी, तिच्यात हे बीजाणू आणि जांभळं पोषक द्रव. ती पिशव्यांच्या मधोमध, वाफ पोचायला सर्वात अवघड अशा जागी ठेवतात. फेरी संपली की बाहेर काढून उबदार पेटीत ठेवायची. बीजाणू जगले असतील तर ते द्रव आंबट करतात आणि जांभळ्याचा पिवळा होतो. पिवळा दिसला की यंत्र नापास.

शेजारीच दुसरी कुपी असते, वाफेत न गेलेली. तीही त्याच पेटीत, तितकाच वेळ. दुसऱ्या दिवशी झाकण उघडावं तर ती पिवळीधमक, जिवंत. आणि तिच्या बाजूला, तासभर वाफेत राहून आलेली, जांभळीच्या जांभळी.